मेहुणा कायदा शिकतोय

कायदा कुणी उगीच शिकत नाही, अशी निघोज्याच्या गेनबाची पक्की समजूत होती. विहीर कुणी हौसेनं खणतं का? ज्याला पाणी हवं असतं तो खणतो. तसंच, ज्याला कुणावर तरी दावा ठोकायचा असतो तो कायदा शिकतो. त्यामुळे चाकणच्या बाजारात, पिंपरीला कामाला जाणाऱ्या गावच्या भैरूनं त्याला गाठून, ‘गेनबा, तुझा मेहुणा वकिलीला बसतोय म्हणं,’ असं सहज सांगितलं, तेव्हा गेनबाच्या हातातली बैलाची दावी तिथंच राहिली. घ्यायला आला होता दावी, घरी घेऊन गेला संशय.

मेहुणा म्हणजे उद्धवराव. चिखलीच्या शेतकऱ्याचा पोर, पण त्या घरातला पहिला बी.ए. पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला तसा तिथं कोठारात कारकून म्हणून लागला, आणि गेनबाच्या धाकट्या बहिणीला, पुतळाला, घेऊन चिंचवडात भाड्याच्या खोलीत राहू लागला. आता पुण्यातल्या एका कॉलेजानं नोकरदारांसाठी संध्याकाळचा कायद्याचा वर्ग काढला होता. जागा साठ आणि अर्ज चारशे, म्हणून आत घ्यायच्या आधी परीक्षा. जूनच्या दुसऱ्या रविवारी. एवढं सगळं भैरूला ठाऊक, आणि सख्ख्या मेहुण्याला पत्ता नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं.

घरी आल्यावर गेनबा जोत्यावर बसला आणि एकेक गोष्ट आठवू लागला. संशयी माणसाला मागचं फार स्वच्छ दिसतं. वडील, आबा, पौषात गेले. तेराव्याला जेवणं उरकल्यावर उद्धवराव त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला होता, “गेनबाराव, वारस नोंदीची वर्दी दिलीत का तलाठ्याकडे? तीन महिन्यांच्या आत द्या, नाहीतर दंड बसतो.” तेव्हा गेनबाला तो काळजीनं बोलतोय असं वाटलं होतं. आता कळलं, माणूस चाचपून बघत होता. त्याच दिवशी नदीकाठच्या मळईत फेरी मारून, ‘सात एकर भरेल का हो?’ असंही विचारलं होतं त्यानं. पाहुण्यानं जेवावं, सुपारी घ्यावी आणि घरी जावं. एकर कशाला मोजावेत?

आता खरं सांगायचं तर गेनबाचं मन स्वच्छ नव्हतं, म्हणून त्याला सगळीकडे डाग दिसत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. गेल्या साली नवा कायदा झाला आणि बापाच्या जमिनीत मुलीलाही वाटा आला, हे त्यानं चावडीवर ऐकलं होतं. आणि ते ऐकून-सवरून त्यानं तलाठ्यापुढं वर्दी दिली ती अशी, की मयताला वारस मी एकटाच. पुतळाचं नावच नाही. गावात सगळे असंच करतात, बहिणीचं नाव कोण लावतो, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. पण सगळ्यांचे मेहुणे कायदा शिकत नव्हते ना.

“निम्मी जमीन जाणार,” तो बायकोला म्हणाला.

“आवं, पण पुतळावन्सं तशा न्हाईत,” तानाबाई म्हणाली.

“ती न्हाई गं. त्यो तिचं कान भरतोय.”

यावर गावात एक ठरलेला उपाय असतो. बहिणीला लुगडं-चोळी करायची, गोडाधोडाचं घालायचं, आणि त्या गोडव्यात हक्कसोडीच्या कागदावर अंगठा घ्यायचा, की माझा बापाच्या जमिनीवरचा हक्क मी राजीखुशीनं सोडला. बहिणी देतात. जमीन गेली तरी माहेर राहावं म्हणून देतात. गेनबा खेडला गेला, भिमाजी अर्जनविसाकडून स्टॅंपाच्या कागदावर तो मजकूर लिहून घेतला, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळीच, लुगडं आणि शेंगांचं गठुडं घेऊन चिंचवडची वाट धरली. कागद बंडीच्या आतल्या खिशात. मेहुणा वकील व्हायच्या आत हे उरकायला हवं होतं. आणि पुतळाला खरं सांगायचं नाही, हेही त्यानं इंद्रायणीचं गुडघाभर पाणी ओलांडताना ठरवून टाकलं. गावच्या कर्जाच्या सोसायटीतून आबांचं नाव कमी करायचंय म्हणायचं. तिसरीतून शाळा सोडलेली पोर, तिला काय कळतंय.

दुपारी उद्धवराव कारखान्यातून अर्ध्या दिवसानं आला. गेनबाला बघून त्याला आनंद झाला, निदान त्यानं तसं दाखवलं. पाय धुवायला पाणी दिलं. खोलीतली एकुलती एक खाट गेनबाला दिली, स्वतः चटईवर बसला. ‘तानावहिनी बऱ्या आहेत ना? बैलाचा खुर बरा झाला का?’ अशी चौकशी केली. जितका तो गोड बोलत होता तितका गेनबा आतून आवळत चालला. बैलाचा खुर याला कुणी सांगितला? निघोज्यात याचं माणूस आहे तर.

“उद्या परीक्षा हाय म्हणं तुमची,” गेनबानं खडा टाकून पाहिला.

उद्धवराव जरा लाजला. “हो. म्हटलं, आधी लागू दे तर खरं, मग सांगू सगळ्यांना. नापास झालो तर चिखलीभर हसं व्हायचं.” एवढं म्हणून त्यानं खिशातून एक शिक्का मारलेलं पत्र काढलं, नीट घडी करून फडताळावरच्या वहीत ठेवलं. “हे पत्र असल्याशिवाय आत सोडत नाहीत.”

तो नळावर गेला, पुतळा बाहेर भांडी घासत होती, तेव्हा गेनबानं वही उघडली. अक्षर टपोरं होतं, त्यामुळे चौथी शिकलेल्या गेनबालाही लावता आलं. ‘एक शेतकरी मयत झाला. मागे एक मुलगा, एक मुलगी. बायको आधीच वारलेली. जमीन वडिलोपार्जित, नदीकाठी, सात एकर. तर मुलीचा वाटा किती?’

गेनबानं ते दोनदा वाचलं. सात एकर, नदीकाठ, आधी गेलेली आई. नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं. हा अभ्यास नव्हता, हा त्याच्यावरचा दावा होता.

दिवेलागणीच्या आधी पुतळा चुलीपुढं भाकरी थापत बसली आणि उद्धवराव समोर पाट घेऊन. ही त्यांची रोजची रीत असावी. ती भाकरी थापता थापता विचारी आणि तो उत्तर देई. गेनबा खाटेवर तंबाखू मळत ऐकत होता, डोळे अर्धे मिटून.

“शेतकऱ्याच्या मुलीचा वाटा किती?” पुतळानं विचारलं.

“निम्मा,” उद्धवराव म्हणाला.

“चुकलं. रोज चुकता तुमी.” तिनं तव्यावरची भाकरी उतरवून परातीत मोडली. “ही जमीन वाडवडलांची. मग ह्यातली अर्धी जन्मापासून पोराचीच, तिला हात लावायचा न्हाई. उरली ती बापाची. बाप गेल्यावर त्या अर्धीचे दोन वाटे, एक पोराचा, एक पोरीचा. मग पोरीला किती? चवथाई. रुपयात चार आणे.”

“चार आणे,” उद्धवरावानं मान डोलावली. “पुस्तकात वाचलं की डोक्यात राहत नाही गं. तू भाकरी मोडलीस की राहतं.”

गेनबाला क्षणभर बरं वाटलं, निम्मी नाही, चवथाईच. लगेच दुसऱ्या क्षणी तो संतापला. बघा, पोरीकडून कसं घोकून घेतलंय. पोपटासारखं बोलतेय बिचारी, हिला यातलं काय उमगतंय. म्हणजे उद्या हा परीक्षेला बसणार, परवा वर्गात जाणार, आणि दोन वर्षांनी काळा कोट घालून खेडच्या कोर्टात आपल्याच समोर उभा राहणार. आणि मळईतली पावणेदोन एकर, जिथं आबांनी आणि त्यानं मिळून गाळ ओढून सोन्यासारखी जमीन केली, ती तिच्या नावावर लागून याच्या घशात जाणार. ती जमीन जाण्याच्या विचारानं गेनबाला खरंच रडू आल्यासारखं झालं. त्याचं त्या मळईवर बैलांपेक्षा, बायकोपेक्षाही काकणभर जास्त प्रेम होतं.

मग पाणी प्यायला म्हणून तो उठला, फडताळाशी गेला, आणि वहीतलं ते पत्र काढून बंडीत सरकवलं. कागदाशेजारी कागद. मागं वळून पाहिलं तर दोघं चुलीकडे तोंड करून बसलेली. कुणाचं लक्ष नाही, असं त्याला वाटलं.

सकाळी उद्धवरावानं आंघोळ केली, देवाला हात जोडले, वही उघडली आणि उभा राहिला. मग शोधाशोध सुरू झाली. पुस्तकं झटकली, चटई उचलली, पत्र्याची ट्रंक उघडून कपडे बाहेर काढले. पुतळाही शोधत होती, पण तोंडानं एक शब्द बोलत नव्हती. गेनबा खाटेवर बसून ‘बघा, नीट बघा, कुठं पडलं आसंल,’ असं म्हणत राहिला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटत होता.

दोघं दाराबाहेर जाऊन काहीतरी हळू बोलली. गेनबानं कान टवकारले, पण ऐकू आलं नाही. मग उद्धवराव आत आला, कोट चढवला आणि म्हणाला, “असू दे. तिथं जाऊन नाव सांगेन, घेतलं तर घेतलं. येतो गेनबाराव, तुम्ही जेवल्याशिवाय जाऊ नका.” आणि पुण्याची गाडी पकडायला तो स्टेशनाकडे निघूनही गेला. यानं मला का विचारलं नाही? गेनबाला तेही संशयास्पद वाटलं.

पुतळानं चहा ठेवला. गेनबानं घसा खाकरला, लुगडं तिच्या पुढ्यात ठेवलं आणि कागद काढला. “सोसायटीतनं आबांचं नाव कमी करायचंय. हितं तुझा अंगठा लागतोय.”

पुतळानं हात पदराला पुसले. कागद घेतला, उजेडाकडे धरला आणि वाचू लागली. अडखळत नाही, बोट ठेवत नाही, सरळ, मोठ्यानं. ‘लिहून देणार पुतळाबाई, कारणे हक्कसोडपत्र लिहून देते की...’ शेवटच्या ओळीपर्यंत वाचून तिनं तो खाली ठेवला.

“वहीतलं अक्षर तुझं?” त्यानं विचारलं.

“व्हय. त्यांनी शिकवलं, तीन वरसं झाली. पुस्तकातली इंग्रजी नावं त्यांच्या डोक्यात शिरंनात, म्हणून मी आपल्या घरचं गणित घातलं.” ती थांबली. “हे सोसायटीचं न्हाई, दादा.”

गेनबा लुगड्याची घडी नीट करू लागला.

“मला जमीन नकोच होती. आबांच्या तेराव्यालाच मी ह्यांना बोलले, दादाला लिहून द्यायचं. ते म्हणाले, परीक्षा झाली की जाऊ, साक्षीला मी सही करीन. तू नुसतं म्हणायचं होतंस, पुतळे, सही दे.” तिनं फडताळावरची टाक-दौत घेतली आणि खाली नाव लिहिलं, पूर्ण, वळणदार. पण कागद दिला नाही, त्यावर तळहात ठेवून बसली. “आता तुझ्या बंडीतलं पत्र दे.”

गेनबाचा हात बंडीकडे गेला. “तू... कवा बघितलंस?”

“तू काढलंस तवाच. त्यांनीबी बघितलं. तू आपणहून काढून देशील म्हणून सकाळी शोधत बसलो. मी आत्ता बाहेर म्हटलं, मागून घेते. ते म्हणाले, न्हाई. पाव्हण्याची झडती घ्यायची न्हाई, त्यातून बायकोच्या भावाची तर न्हाईच. परीक्षा पुढल्या साली देईन.”

त्यानं पत्र काढलं. तिनं ते घेतलं आणि तेव्हाच हक्कसोडीचा कागद त्याच्याकडे सरकवला. गेनबाला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की आपण फार घाणेरडं काम केलं. स्टेशनाची घंटा अजून झाली नव्हती. तो घाईघाईनं उठला, “दे, मी पळत जातो, गाठतो त्यांना. तू बाईमाणूस कुठं धावतीस.”

“न्हाई,” पुतळा म्हणाली. रागानं नाही, साधंच म्हणाली. “तुझ्या हाती दिलं तर पोचंल का न्हाई, मला भरवसा न्हाई.”

तिनं पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि बाहेर पडली. चार पावलं गेली असेल नसेल, परत आली. सकाळच्या शोधाशोधीत उघडी राहिलेली ट्रंक तिनं बंद केली, कपाटातून कुलूप काढून तिला लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली कनवटीला खोचली. मग त्याच्याकडे न बघता ती स्टेशनाच्या वाटेनं धावत सुटली.

चुलीवर चहा उतू जात होता. गेनबा कागद हातात घेऊन तसाच उभा राहिला. घरात तो एकटाच होता, आणि समोर कुलूप लावलेली ट्रंक होती.