दोन बाह्यांचं माप

टेलरबाईचं दुकान तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलं आणि गिऱ्हाईक जिन्यातच गळालं. म्हणून तर सुई-दोऱ्यात जन्म काढलेल्या बाईवर पन्नाशीत कॉम्प्युटरच्या क्लासला जायची वेळ आली. वेबवर एक पान करायचं, त्यात फॉर्म ठेवायचा, लोकांनी घरबसल्या मापं भरायची, असा बेत होता. तो फसला तर महिनाअखेरीला दुकानाला कुलूप लावून कारखान्यात दिवसभर नुसत्या कॉलरी शिवायच्या, हेही ठरलेलं. दुकानात काजं-बटणं करणाऱ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला."

क्लासचे सर तिच्या भाच्याच्या वयाचे. ती त्यांना सर म्हणे, ते तिला मावशी. पहिले दोन आठवडे सगळं डोक्यावरून गेलं. मग एक दिवस सर म्हणाले, "फॉर्म भरणाऱ्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. सबमिट दाबल्यावर आपल्याकडे जे येईल, ते आपल्या प्रोग्रामने तपासूनच आत घ्यायचं."

वर्गातली पोरंपोरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. टेलरबाई मात्र खुदकन हसली. बावीस वर्षांत एकाही माणसाने तिला कंबर खरी सांगितली नव्हती. सांगीवांगीच्या मापावर कात्री चालवणाऱ्या टेलरचं काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिने तपासणी लिहिली ती अगदी खाष्ट सासूच्या नजरेने. रकाना रिकामा, परत. आकड्याच्या जागी अक्षरं, परत. तीन इंच छाती, तीनशे इंच कंबर, परत. शिवाय एक नियम तिने पदरचा घातला. दुकानात ती नेहमी दोन्ही हात मोजायची, म्हणून फॉर्ममध्येही उजवी बाही आणि डावी बाही असे दोन रकाने होते. दोन्हींत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला की पान ठणकावून सांगे, "माप चुकलंय. टेप घेऊन पुन्हा मोजा."

परीक्षा शनिवारी सकाळी होती. सर स्वतः एकेकाचा फॉर्म मोडायला बसणार. जो टिकेल त्याचं पान बाराच्या ठोक्याला वेबवर चढणार, आणि त्यानंतर क्लासला महिनाभर सुट्टी.

पोरांचे फॉर्म पटापट लोळले. टेलरबाईच्या फॉर्मला सरांनी रिकामे रकाने दिले, उणे तीस दिले, कंबरेच्या रकान्यात "बारीक" असं लिहूनही पाहिलं. पठ्ठ्या हलला नाही. वर्गात टाळ्या पडल्या. बाईची छाती दोन इंच फुगली.

"आता खरी मापं भरतो," सर म्हणाले. त्यांनी तिचाच टेप मागून घेतला, मोजलं, भरलं, सबमिट दाबलं.

माप चुकलंय. टेप घेऊन पुन्हा मोजा.

सरांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. ते हसले, पण ओठांनीच. "फॉर्म कडक आहे, मावशी. पास."

टेलरबाईचं लक्ष पडद्यावरच्या आकड्यांवर गेलं. डावी चोवीस, उजवी साडेएकवीस. ती उठली आणि टेप स्वतः त्यांच्या खांद्याला लावला. साडेएकवीसच.

"लहानपणी पडलो होतो," सर हळू आवाजात म्हणाले. "हाड नीट वाढलं नाही. तयार शर्टाची बाही आत दुमडून घेतो मी. सवय झालीय."

बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांत कुणाच्या अंगाला तिने चूक म्हटलं नव्हतं, आणि आज तिच्या नावाचं पान एका माणसाला दोनदा तेच सांगून मोकळं झालं होतं.

"सर, हे पान असं चढवू नका. मला वेळ द्या."

"बाराला वीस मिनिटं आहेत. आणि परीक्षा आहे, मी मदत नाही करणार."

"नकाच करू."

ती बसली. घाईघाईत नियम बदलला, तर अख्खं पानच पांढरं फटक पडलं. डोळ्यांपुढे कॉलरींचा ढीग नाचू लागला. शेवटी तिने शिवण उसवून तपासावी तशी एकेक ओळ वरून खाली पाहिली. एक कंस बंद करायचा राहिला होता. तिने तो घातला. बाराला दोन मिनिटं उरली होती.

सरांनी पुन्हा तीच मापं भरली. या वेळी पानाने विचारलं, "दोन बाह्यांत फरक दिसतोय. हे असंच आहे का?" खाली दोन बटणं होती, "पुन्हा मोजायचंय" आणि "हो, असंच आहे".

सरांनी दुसरं बटण दाबलं. "मापं मिळाली," पान म्हणालं. मग त्यांनी पान वेबवर चढवलं.

पुढच्या शनिवारपर्यंत अकरा मापं आली. दुकान चालणार होतं. जाऊबाई चष्मा लावून यादी वाचत होत्या. अकरापैकी सहा जणांनी "हो, असंच आहे" दाबलं होतं.

"इतकी माणसं?" जाऊबाई म्हणाल्या. जरा वेळाने, सुईत दोरा ओवता ओवता, त्यांनी विचारलं, "माझा डावा खांदा उतरता आहे. तुला माहीत आहे?"

"बावीस वर्षं माहीत आहे," टेलरबाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "तुमच्या प्रत्येक कपड्यात त्या बाजूला आतून एक पट्टी जास्तीची असते."