पाटीवरून पुसलेला शब्द

स्वेलडेलच्या खोऱ्यातल्या शाळेत हेस्टर रॉ बाईंचा एक नियम फार कडक होता. घरची बोली घरी ठेवायची. बाई स्वतः शिशाच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी. शिक्षिका व्हायला यॉर्कला गेल्या, तेव्हा त्यांच्या बोलीवरून बरोबरीच्या मुलींनी त्यांची येता-जाता टिंगल केली होती.

मार्चमध्ये वर्गातल्या टेमर हार्कर या मुलीने पाटीवर लिहिलं, 'बर्फ वितळलं आणि ओढा लीमायला लागला.'

बाईंनी पाटी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "लीमायला? हे कुठल्या गोठ्यातलं इंग्रजी गं?"

वर्ग खो खो हसला.

"आजी म्हणते, बाई. लीम म्हणजे चमकणं."

"मग उद्यापासून आजीलाच पाठव शाळेत. पूस ते, आणि 'शाइन' लिही. पन्नास वेळा!"

खरं तर बाईंची आईसुद्धा घासलेल्या किटलीकडे बघून हेच म्हणायची. बाईंना ते चांगलं आठवत होतं.

मे महिन्यात लीड्सहून पिकर्सगिल नावाचे निवृत्त पाद्री आले. बोलीतले शब्द कोशासाठी गोळा करत ते खोरंभर हिंडत होते. बाईंकडे चहा घेताना त्यांनी वही उघडली.

"एका शब्दाच्या मागे लागलोय बघा. लीम. म्हणजे चमकणं. हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्यांत तो 'लेओमा' म्हणून सापडतो. उजेडाचा किरण! पण अजून तो बोलणारं माणूस हवंय. तुमच्या मुलांत कुणी म्हणतं का?"

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "नाही हो," त्या म्हणाल्या. "आमची मुलं शुद्ध बोलतात."

"चांगलं शिकवलंत," म्हातारा मनापासून म्हणाला आणि त्याने वही मिटली. त्या शाबासकीने बाईंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेमरला एकटीला थांबवलं. "तुझ्या आजीचा तो शब्द सांग बरं. ओढा काय करत होता?"

टेमरने मान खाली घातली. "शाइन, बाई."

"तो नाही गं. दुसरा."

"शाइनच, बाई." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. हा नवा सापळा आहे असंच तिला वाटलं.

"माझं चुकलं होतं, टेमर," बाई म्हणाल्या. "तुझा शब्द बरोबर होता. माझी आईही म्हणायची." पोरगी दाराकडे सरकली. "जाऊ मी?" म्हणाली आणि पळाली.

बाईंनी पिकर्सगिलना पत्र लिहिलं. 'मी तुमच्याशी खोटं बोलले. हा शब्द माझ्याच वर्गात लिहिला गेला, आणि मीच तो पुसायला लावला.' खाली टेमरचं वाक्य, तिच्या नावासकट. पत्र त्यांनी त्याच संध्याकाळी टपालात टाकलं.

त्यानंतर टेमर तीन वर्षं त्या शाळेत होती. बाईंच्या देखत तो शब्द तिने पुन्हा कधीच उच्चारला नाही.