हवा कुठूनही जाते

"ताई, इमारत जरा फिरवून बघा ना. खालून, बाजूने. वरून सगळं सपाटच दिसणार."

"नको गं बाई, मला गरगरतं," ताई म्हणाल्या आणि पडद्यावरचा वरून दिसणारा नकाशाच पुन्हा समोर घेतला. तो निदान कागदासारखा दिसायचा.

शिकवायला आलेली मुलगी ताईंच्या लेकीहून लहान होती, पण ऑफिसात तिला सगळे शिकवणीबाई म्हणत. इमारतीच्या पोटात जे जे असतं, त्याचे नकाशे काढणारं हे ऑफिस. ताई सांडपाण्याचे पाइप काढत आणि पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे रुंद पत्र्याचे मार्ग; म्हणून त्यांना सगळे हवावाले म्हणत. दोघांचं उभं आयुष्य कागदावर गेलं होतं. आता नवं सॉफ्टवेअर आलं आणि सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटरात एकच इमारत उभी करायची ठरली. शिकवणी संपली की जुन्यांपैकी एकालाच ठेवणार, ही बातमी मात्र कोणी शिकवली नव्हती. ती आपोआप सगळ्यांना आली.

पूर्वी पाइप आणि डक्ट एकमेकांना आडवे आले की दोघं एकाच कागदावर वाकत. हवावाले ठरलेलं वाक्य म्हणत, "तुमचं पाणी आधी जाऊ द्या, ताई. उतार चुकला तर ते अडून बसेल. हवेचं काय, कुठूनही जाते." बातमी आल्यापासून दोघांचा चहासुद्धा वेगळा झाला.

त्यात ताईंना एक नवी गोष्ट कळली. कुठल्याही जागी टिचकी मारली, की तिथे शेवटचा हात कोणाचा लागला ते सॉफ्टवेअर सांगतं. ताईंनी आपल्या पाइपाला डक्ट आडवा जातो तिथे टिचकी मारली. हवावाले. पुढच्या जागी, पुन्हा हवावाले. जिथे जिथे ताईंचा पाइप, तिथे तिथे आदल्या संध्याकाळी त्यांचा हात फिरलेला. आणि नकाशात बघावं तर एक रेघ हललेली नाही!

"काहीच बदललेलं नाही, मग हा माणूस रोज माझ्या पाइपांपाशी करतो काय?" त्यांनी घरी नवऱ्याला विचारलं. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुझाच पाइप गळत असेल," नवरा म्हणाला. "अगं, सरळ विचार ना त्यांना."

"विचारल्यावर कबूल करणारेत?"

"मग बस कुढत. संशयाला औषध नाही."

दुसऱ्या दिवशी हवावालेच चहाचा कप घेऊन आले. "ताई, दुसऱ्या मजल्यावर तुमचा पाइप आहे ना, तिथे मी जरा..."

"माझ्या पाइपाचं माझी मी बघते."

ते कप तसाच घेऊन परत गेले. बघा, चोरी पकडली तर कसा काढता पाय घेतला, असं ताईंना वाटलं. त्या तडक साहेबांकडे गेल्या आणि हवावाले आपल्या कामात हात घालतात, अशी तक्रार करून आल्या. बाहेर पडताना त्यांना फार हलकं वाटत होतं.

आठवड्याअखेरीस साहेबांनी बोलावलं. "ताई, तुम्ही राहताय. तुमच्या पाइपांची डक्टशी एकही टक्कर नाही. पहिल्याच कामात, कमाल आहे! आणि त्यांचे डक्ट बघा, जागोजागी वळणं. वळणं वाढली की हवा ढकलायला पंखा मोठा लागतो. शिवाय तुमची तक्रार होतीच."

ताई जिंकल्याच्या तोऱ्यात जागेवर आल्या. "आता दाखव," त्या शिकवणीबाईंना म्हणाल्या. "माझं काय काय बिघडवून ठेवलंय ते बघू आणि दुरुस्त करू."

शिकवणीबाईंनी इमारत फिरवली. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. नकाशातली सपाट रेघ उभी राहिली आणि तिला पोट आलं, पाठ आली. ताईंचा पाइप आपल्या उतारावर सरळ चालला होता. त्याच्याजवळ येताच रुंद डक्ट वाकत होता, पाइपाखालून जात होता आणि पलीकडे पुन्हा वर येत होता. पुढच्या मजल्यावरही तेच. सगळीकडे तेच.

"तुमचं काही बिघडलेलं नाहीये, ताई," शिकवणीबाई म्हणाल्या. "त्यांनी फक्त स्वतःचंच हलवलंय."

साहेबांकडे जावं, सगळं सांगावं, असं ताईंना वाटलं. पण साहेब निघून गेले होते आणि पलीकडचं टेबल जवळजवळ रिकामं झालं होतं. हवावाल्यांनी आपली जुनी पट्टी आणि खुर्चीतली उशी पिशवीत भरली, दिवा बंद केला.

दाराकडे जायची वाट ताईंच्या खुर्चीमागूनच होती, आणि खुर्ची वाटेत आलेली होती.

"येतो, ताई," ते म्हणाले.

ताई खुर्ची ओढायला धडपडत उठल्या, तोवर ते पिशवी छातीशी धरून, अंग चोरून पलीकडे गेलेही होते.