बाईंच्या दप्तरापाशी मी बसलो

मी पोलिसांचा कुत्रा बोलतोय. दारूगोळा हुंगून काढणारा. पिल्लू असताना मी खाता खाता थाळीतच झोपायचो, म्हणून मला सांभाळणाऱ्या हवालदारांनी माझं नाव ढब्बू ठेवलं.

शिकवण साधी होती. वास आला की भुंकायचं नाही, मुकाट खाली बसायचं. मग हवालदार खिशातून चेंडू काढायचे आणि मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

एकदा आमच्या शहरात देशोदेशींची सुरक्षा परिषद भरली. मंत्री, सेनापती, दुभाषे, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. माझ्याही! शेवटच्या दिवशी सामान्य लोकांनाही बोलायला बोलावलं होतं. 'जनतेशी संवाद' असा भला मोठा फलक दारावर लागला होता.

रांगेत शाळेतल्या एक बाई होत्या. बोलायचं पाठ करत असाव्यात, ओठ सारखे हलत होते. छातीशी एका लहान मुलीचं दप्तर. स्वच्छ धुतलेलं, ठिगळ लावलेलं. धुतलं की वास जातो असं माणसांना वाटतं. मी जवळ गेलो आणि खाली बसलो.

एकच गलका झाला. मघापासून बाईंशी गप्पा मारणारे गृहस्थ तर असे लांब सरकले, जणू ओळखच नाही. दोन शिपायांनी बाईंना दंडाला धरून बाजूच्या खोलीत नेलं. मला चेंडू मिळाला. मी तो मजेत चावत बसलो. आज ते आठवलं की माझे कान आपोआप पडतात.

अधिकाऱ्यांनी दप्तराची शिवण उसवली. आत रिकामा डबा आणि चार रंगीत खडू.

"कुणाचं हे?"

"भाचीचं. शाळेवर तोफगोळा पडला तेव्हा तिच्या पाठीवर होतं. पोर वाचली, पण आता हाक मारली तर वळत नाही. तेच सांगायला आले होते हो मी!"

अधिकारी वरमले. "माफ करा, बाई. जा तुम्ही आत."

पण आत सगळं आटोपलं होतं. बाईंचं नाव पुकारलं, कुणी उठलं नाही, म्हणून 'आता कुणाचे प्रश्न उरलेले नाहीत' असं जाहीर झालं होतं. पाहुणे फोटोसाठी हिरवळीवर गेले होते.

"बाई, आम्हाला तरी सांगा," हवालदार म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

बाई उभ्याच राहिल्या. घसा खाकरून त्यांनी पाठ केलेलं जसंच्या तसं सुरू केलं, "माननीय अध्यक्ष महोदय..." हवालदारांनी मान खाली घातली. मग त्या माझ्याकडे बघून शेवटपर्यंत बोलल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला त्यांनी. मला वर बघवेना.

माझ्या नाकाचं काही चुकलं नव्हतं. तरी लाज वाटते.

आता मी थकलोय, हवालदारांच्या घरीच असतो. परिषद निर्विघ्न पार पडली म्हणून मला पदक मिळालं होतं. हवालदारांची आई आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवते, "आमच्या ढब्बूने मिळवलंय!" तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

तुम्ही कधी घरी आलात, तर माझ्या पाठीवरून खुशाल हात फिरवा. पण ते पदक तेवढं बघायला मागू नका.