अप्पा गेला, अव्वा गेली

गुरुशांतने एन्टर दाबला आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

"अप्पा गेला. अव्वा गेली," बसलिंगप्पांनी मागून मोठ्याने वाचलं. डोळे दाखवायला ते दुधनीहून लेकाकडे सोलापूरला आले होते. काल नवा चष्मा मिळाल्यापासून दुकानांच्या पाट्यांपासून औषधाच्या बाटलीपर्यंत दिसेल ते वाचत सुटले होते. या वेळी मात्र आवाज शेवटी उतरला.

"कवा रे?" त्यांनी विचारलं.

गुरुशांत ओशाळला. मराठी शब्दांची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा रचायचं वेड त्याने घेतलं होतं. चाचणीतल्या दोन वस्तूंना नावं हवी होती, तोंडात आली ती घरातली, आईवडिलांच्या हाकेची दिली. मेमरीतून वस्तू काढली की 'गेला', 'गेली' असं छापायचं, हेही त्याचंच डोकं. अतिशहाणपण अंगाशी आलं.

"तुमचं नाही ते, अप्पा. नुसती नावं आहेत."

"असू दे. पण का गेले दोगं?"

"नको असलेल्या वस्तू काढल्या नाहीत तर मेमरी भरते. आधी मी एवढंच बघायचो, वस्तूला दुसऱ्या कुणी धरलंय का. धरलं असेल तर ठेवायची. पण या दोघांनी एकमेकांना धरलेलं, त्यामुळे ती कधी जायचीच नाहीत. तिथं घोडं अडलं होतं."

"आन् आता?"

"आता चालत्या प्रोग्रॅमपासून निघायचं. एकाचा हात धरून दुसऱ्यापर्यंत, असं जिथवर पोचता येतं तेवढं ठेवायचं. बाकीचं झाडून टाकायचं. या दोघांना बाहेरून कुणीच धरलेलं नाही, फक्त एकमेकांना..."

त्याला गावाकडचं घर आठवलं. न्हाणीत पडल्यापासून अव्वा काठीवर होती आणि तिला उठवायला-बसवायला अप्पा एकटेच. हे दोन दिवस शेजारीण तिच्याजवळ थांबली म्हणून त्यांना येता आलं. "मागली खोली रिकामीच दिसती," असं ते काल जेवताना सहज म्हणाले होते. तिथं सामान असतं, असं सांगून गुरुशांतने आमटी वाढून घेतली होती. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

गाडीची वेळ होत आली होती. बसलिंगप्पांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि तिथंच उभे राहिले.

"भाईरनं दोगांलाबी धरावं लागतं का?"

"नाही. एकाला धरलं तरी पुरतं. त्याच्यामुळे दुसरं आपोआप राहतं."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून, पुसून खिशात ठेवला.

"मंग अव्वाला धर की," ते म्हणाले. "मी काय तिला सोडत न्हाय."

ते जिना उतरू लागले. गुरुशांत खुर्चीतून उठला, दारापर्यंत आला. कितीतरी वर्षं शहरात घासून गुळगुळीत केलेली त्याची बोली त्या घडीला कुठे गेली कोण जाणे.

"थांबा अप्पा," तो म्हणाला. "मीबी येतो, अव्वाला आनायला."