आठव्या दिवशी

"फाटकं मागायचं! आधी घरातलं काहीतरी फाटकं मागून घ्यायचं." माइक घट्ट धरून चेला सांगत होता. "मास्तरांचा हा पहिला धडा. मशीनबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नवं कापड तुमच्या हातात कोणी देणार नाही, पण फाटकं द्यायला कोणी नाही म्हणत नाही. अन् एकदा का त्यांच्या पोराची चड्डी तुमच्या सुईखालून धड होऊन निघाली, की अर्धी ऑर्डर झाली म्हणून समजा!"

हॉलभर हशा पिकला. शोकसभेत एवढं हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. टेबलावर बाबांचा फोटो, त्याच्या शेजारी कंपनीचं सगळ्यात नवं शिलाई मशीन, आणि समोर शर्ट खोचून बसलेले शंभर-सव्वाशे विक्रेते. फोटोत बाबाही हसत होते. ते कुठल्या फोटोत हसत नव्हते?

मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात. दीड तास झाला, ते दूध उतू चाललं होतं. मास्तर असे आणि मास्तर तसे. कंपनीत बाबांना सगळे मास्तर म्हणत, कारण नवी माणसं त्यांच्या हाताखाली तयार व्हायची. चेला त्यातलाच. आज तो सगळ्या विभागाचा प्रमुख आहे, पण आमच्या घरात चेला तो चेलाच राहिला. चौतीस वर्षं बाबांनी घरोघरी मशिनं विकली आणि अकरा वेळा सर्वोत्तम विक्रेत्याची ढाल घरी आणली. अकराव्या ढालीला कपाटावर जागा उरली नाही, तेव्हा आईनं ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवायला सांगितली होती. आईला थोडीफार विनोदबुद्धी होती.

खोटं कशाला बोलू, बाप म्हणूनही ते कुठे कमी पडले नाहीत. माझ्या प्रत्येक परीक्षेला शाळेच्या फाटकाबाहेर तीन तास उभे राहायचे, पाण्याच्या बाटलीला ओला रुमाल गुंडाळून. माझे सगळे फ्रॉक त्यांनी शिवले. आमच्यावर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. 'नाही' हा शब्दच मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मला सायकल हवी होती, तेव्हाही ते नाही म्हणाले नाहीत. तासभर माझ्याशी बोलत बसले, आणि शेवटी मीच म्हणाले, राहू दे, चालणं तब्येतीला चांगलं असतं. अशा माणसावर चिडायचीही सोय नसते. चिडायला समोरच्यानं काहीतरी करावं लागतं.

शेजारी माझा धाकटा भाऊ डोळे पुसत होता. तो परदेशात असतो. त्याला बाबा दर रविवारी फोनवर भेटत. फोनवरचे वडील फार गोड असतात, त्यांना आंघोळ घालावी लागत नाही.

"आणि दुसरा धडा आठ दिवसांचा," चेला पाण्याचा घोट घेऊन म्हणाला. "बाईंना 'घ्या' म्हणायचंच नाही. आठ दिवस नुसतं ठेवून बघा, नाही जमलं तर मी स्वतः येऊन घेऊन जातो. सही नको, काही नको. पण खरी गंमत पुढेच आहे. आठव्या दिवशी काय करायचं?"

मागून चार-पाच आवाज एकदम आले, "जायचं नाही!"

"शाबास! जायचं नाही! बाई आठव्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसलेली असते. तिचं धड इकडे नाही, धड तिकडे नाही. तुम्ही गेलात की ती म्हणणार, न्या बाबा. म्हणून जायचंच नाही. सरळ दौऱ्यावर जायचं आणि अकराव्या दिवशी उगवायचं. तोवर मशीन खिडकीशी सरकलेलं असतं, त्याच्यावर घड्या ठेवलेल्या असतात. दारातूनच म्हणायचं, अरे वा, ठेवलंत? मला वाटलंच होतं! आणि त्या बाईला जन्मभर वाटत राहतं, की मी माझ्या मर्जीनं घेतलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळीसाठी मीही हात उचलले होते. ते मी तसेच मांडीवर ठेवले.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मला नोकरी लागली होती. पुलांचे आराखडे काढणारी कचेरी होती, गाव आमच्या घरापासून चौदा तासांवर. मी चोवीस वर्षांची होते, माझी रेघ सरळ येत होती आणि कचेरीनं शंभर जणांतून मला निवडलं होतं. रुजू व्हायला दहा दिवस राहिले असताना आई न्हाणीघरात पडली आणि तिची उजवी बाजू गेली. भाऊ तेव्हा वसतिगृहात, शेवटच्या वर्षाला. बाबा माझ्याजवळ येऊन बसले. थांब असं ते म्हणाले नाहीत. "नोकरीवर तू गेलंच पाहिजेस," ते म्हणाले. "फक्त आठ दिवस राहून बघ. नाही जमलं तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देतो."

आठव्या दिवशी सकाळी मी बॅग भरून दाराशी ठेवली, तर बाबांचे बूट जागेवर नव्हते. "दौरा," आई अर्ध्या तोंडानं म्हणाली. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागत होतं आणि शेजारीण कामावर गेली होती. मी बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. दुपारी तिच्यातला टॉवेल लागला, दुसऱ्या दिवशी कंगवा. अकराव्या दिवशी बाबा आले. दारातूनच म्हणाले, "अरे वा, थांबलीस? मला वाटलंच होतं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आई एकोणीस वर्षं अंथरुणावर होती. तिच्यामागून बाबांचे गुडघे गेले, मग मूत्रपिंडं. मी गल्लीच्या टोकाच्या शाळेत चित्रकला शिकवली, पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या. लग्न राहून गेलं. कोणी हळहळलं की मी ताठ मानेनं सांगायची, मला कोणी अडवलं नव्हतं, माझी मी थांबले. बाकीच्यांकडे घर असतं, नवरा असतो, पोरं असतात. माझ्याकडे हा एक निर्णय होता. आज चेला माइकवरून सांगत होता, की तोही माझा नव्हता.

"आता ताईंनी दोन शब्द बोलावेत," चेला म्हणाला.

"चांगलं बोल हं, ताई," भाऊ कुजबुजला. "रडू आलं तरी चालेल."

रडू कसलं येतंय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी माइकपाशी गेले आणि चेल्याकडे वळले. "एक विचारायचंय. आठव्या दिवशी तुम्ही गेला नाहीत आणि ती बाई स्वतःच मशीन परत घेऊन आली तर?"

"कोणी येत नाही, ताई!" चेला खुशीत म्हणाला. "जड असतं!"

पुन्हा हशा झाला. तो ओसरेपर्यंत मी थांबले.

"खरंय," मी म्हटलं. "जड असतं. माझी आई पंच्याहत्तर किलोची होती."

पुढच्या रांगा एकदम गप्प झाल्या. मागच्यांना अजून कळलं नव्हतं.

"तुमच्या मास्तरांनी ही युक्ती घरातही वापरली. आठ दिवस राहून बघ म्हणाले आणि आठव्या दिवशी दौऱ्यावर गेले. गिऱ्हाईक मी होते. चोवीस वर्षांची. इतक्या मायेनं केसानं गळा कापणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला आत्तापर्यंत वाटत होतं, की मी माझ्या मर्जीनं थांबले. म्हणजे धडा एकदम पक्का आहे तुमचा. वाजवा टाळ्या."

कोणी वाजवल्या नाहीत. मी माइक ठेवला आणि बाहेर आले.

भाऊ माझ्या मागोमाग व्हरांड्यात आला. त्याचे डोळे आता कोरडे होते. "काय तमाशा हा, ताई? गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?"

"जिवंत होते तेव्हा मला कुठे माहीत होतं?"

"तुझा हात कोणी धरला होता का? जायचं होतं तर जायचंस. आईसाठी बाई ठेवता आली असती."

"ठेवली होती की. तीच बोलतेय तुझ्याशी."

"हे बघ, मी तेव्हा परीक्षेला बसलो होतो."

"तेच म्हणतेय. तुला कोणी म्हटलं नाही, आठ दिवस राहून बघ."

"गाडी आणतो," तो म्हणाला आणि निघून गेला. तो वाईट नाही. त्याला फक्त नेहमी गाडी आणायची असते.

चेला चहाचे दोन कप घेऊन आला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या काखा भिजलेल्या होत्या. एक कप त्यानं माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही, तरी तो धरून उभा राहिला. विक्रेत्याची जात.

"ताई, तुम्ही अर्धंच ऐकलंत," तो हळूच म्हणाला. "पुढचं आम्ही नव्या लोकांना शिकवत नाही."

"काय पुढचं?"

"मास्तरांनी पुढे तो नियम सोडून दिला होता. आठव्या दिवशी सकाळी दारात हजर. तोंडावर विचारायचे, ठेवायचं की नेऊ? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही. आणि न्या म्हटलं की चार-चार जिने ते धूड स्वतः खांद्यावरून उतरवायचे. आम्ही डोक्याला हात लावायचो. मास्तर, हे काय चाललंय? तर म्हणायचे, विचारलं पाहिजे रे."

"हे कधीपासून?"

चेल्यानं कपाकडे पाहिलं. "मी नवीन होतो तेव्हा. तुमच्या आईंना अर्धांगवायू झाला ना, त्यानंतरचा जो पहिला दौरा, तिथून आल्यापासून."

"विक्री पडली असेल."

"पडली की, सहा महिने. मग उलट वाढली! लोकच एकमेकांना सांगायला लागले, हा माणूस परत न्यायला येतो, घ्यायचं तर ह्याच्याकडूनच घ्या. अकरातल्या नऊ ढाली त्यानंतरच्या आहेत."

पश्चात्तापसुद्धा खपवला माणसानं! मला हसू फुटलं आणि चेल्याला वाटलं, मी निवळले.

"बघा, म्हणजे त्यांच्या मनात होतं ते," तो म्हणाला. "फार मोठा माणूस, ताई."

"मनात होतं ना? मग मी कुठे परगावी होते? त्याच घरात होते, अठ्ठावीस वर्षं. सकाळचा पहिला चहा माझ्या हातचा घेत होते. अख्ख्या गावाचे जिने चढले, दिसेल त्या बाईला विचारलं. मधली एक खोली ओलांडून माझ्याकडे यायला काय पाय मोडले होते?"

चेल्यानं दोन्ही कप व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवले. "घाबरले असतील," तो म्हणाला. आवाज आता सभेतला नव्हता. "तुम्ही न्या म्हणाला असतात तर काय, म्हणून."

मूर्ख! दोघेही मूर्ख, गुरू आणि चेला. मला विचारलं असतं तर मी थांबलेच असते. अंथरुणातल्या आईला टाकून जाणारी मी नव्हतेच. थांबले असते आणि हीच एकोणीस वर्षं हेच केलं असतं, त्याच दोन तासांनी तिला कुशीवर वळवलं असतं. पण मग ते माझं असतं. एवढी माणसं ओळखणारा तो माणूस, स्वतःच्या मुलीला ओळखायचं तेवढं राहून गेलं.

हे मी चेल्याला सांगितलं नाही. तो उद्या माइकवरून सांगेल.

पर्स आत राहिली होती म्हणून मी हॉलमध्ये परत गेले. माणसं पांगली होती. पर्स घेतली आणि तिथेच खुर्चीवर बसले. हॉलचा रखवालदार एका टोकापासून खुर्च्या मिटवत, भिंतीशी रचत येत होता. पिकल्या केसांचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हॉलभरात माझी एकच खुर्ची राहिली तेव्हा तो येऊन समोर थांबला.

"बाई, बसणार आहात अजून, का आवरू?"

बाहेर भावानं हॉर्न वाजवला. मी उठायला लागले.

"तसं नाही, बसायचं असेल तर बसा," रखवालदार म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं. मला घाई नाही."

तो खरंच थांबला. हात मागे बांधून, माझ्याकडे न बघता. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. मी उत्तर द्यायची घाई केली नाही. नीट विचार केला, बसायचं आहे का, की जायचं आहे. मग मी उठले, खुर्ची स्वतः मिटवली आणि त्याच्या हातात दिली.

"जाते मी," मी म्हटलं.