दोन्ही अंगांचं लग्न

पूनमला सकाळपासून उगाच हसू फुटत होतं. लातूरच्या एका क्लासमध्ये ती केमिस्ट्री शिकवायची, शेजारच्या वर्गात सुदर्शन फिजिक्स शिकवायचा, आणि दोघांचं जमलंय हे साऱ्या पोरापोरींना त्यांच्याही आधी कळलं होतं. काल सुदर्शनच्या आईनं, तुळजाबाईनं, मुखेडला पूनमच्या घरी निरोप धाडला: लग्न दोन्ही अंगांनी आम्हीच करून घेतो, तुमच्याकडून सुपारीसुद्धा नको. पूनमचे पाय जमिनीवर ठरेनात. पण मावशी कसली गप्प बसते! रिकाम्या हातानं गेलेल्या सुनेला जन्मभर टोमणे खावे लागतात, असं म्हणून तिनं मिठाचा खडा टाकलाच. ते पूनमला कुसळासारखं टोचत होतं, आणि उत्तर आजच द्यायचं होतं.

वर्गात नेमका अमोनिया निघाला. नायट्रोजनचा तीन हायड्रोजनांशी संसार चाललेला असतो, तिनं सांगितलं. तरी त्याच्यापाशी दोन इलेक्ट्रॉनांची एक जोडी उरते, कुणाशीच न बांधलेली. तेवढ्यात हायड्रोक्लोरिक आम्लातला हायड्रोजन येतो, तो आपला एकुलता इलेक्ट्रॉन क्लोरीनकडेच ठेवून. अगदी कफल्लक! एरवी बंध जुळवताना दोघांनी एकेक इलेक्ट्रॉन घालायचा असतो. इथं अमोनिया दोन्ही पदरचेच घालतो.

"म्हणजे दोन्ही अंगांचं लग्न अमोनियाच करतो," पूनम रंगात येऊन बोलून गेली. वर्ग खिदळला.

किनवटची साक्षी उठली. "मॅडम, मग तो फुकटात आलेला हायड्रोजन नंतर वेगळा ओळखू येतो का?"

"नाही. चारही बंध अगदी सारखे. आधीचे कोण अन् नवा कोण, कुण्णाला सांगता येत नाही."

बोलली, आणि खडू हातातच राहिला. पण अमोनिया कुठं टोमणे मारतो? टोमणे माणसं मारतात. तिनं पोरांना रेणूची आकृती काढायला लावली, बाहेर आली आणि कुठलीच होणारी सून करणार नाही ते केलं. थेट तुळजाबाईला फोन लावून मनातलं विचारून टाकलं.

तुळजाबाई खुदकन हसली. "आगं पोरी, मी बी नेसत्या लुगड्यानिशीच आले व्हते ह्या घरात. आता गल्लीत कुणालाबी इचार, घर कुणाचं हाय म्हून."

पूनमनं शेजारच्या वर्गाचं दार ढकललं. "सर, तुमच्या आईला हो म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. सुदर्शननं फळ्यावरचं अख्खं उत्तर बाहीनंच पुसून टाकलं, आणि कशाला ते न कळताही वर्गानं टाळ्या पिटल्या.